नर्सिंगला प्रवेश घेताय? फी भरण्याआधी या चुका टाळा

भाचीनं प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवलं, ते लॅमिनेट केलेलं होतं. वर सोनेरी शिक्का, खाली तीन सह्या, मध्ये ठळक अक्षरांत ‘डिप्लोमा इन नर्सिंग’. दोन वर्षं आणि एक लाख चाळीस हजार रुपये गेले होते, तेही तासगावला बेदाणा विकून आलेले. "आत्या, नोंदणी कुठं करायची? हॉस्पिटलवाले रजिस्ट्रेशन नंबर मागायलेत." मी प्रमाणपत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं. त्यावर नर्सिंग परिषदेचं नाव नव्हतं, परीक्षा मंडळाचं नव्हतं, विद्यापीठाचंही नव्हतं. होतं ते एका ट्रस्टचं नाव आणि आयएसओचा शिक्का. ही नोंदणी होणारच नव्हती, आणि ते तिला मला सांगावं लागलं.

मी बावीस वर्षं मिरजेत वॉर्डात काम करते. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या खेड्यांतल्या मुली नर्सिंगचं नाव काढलं की पहिल्यांदा मिरज, सांगली नाहीतर कराडकडे बघतात. चांगल्या संस्था इथं आहेतच. पण त्यांच्याच रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतही ‘नर्सिंग’चा बोर्ड लागतो.

‘मान्यताप्राप्त’ हा शब्द वाचून थांबू नका

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: कोणाची मान्यता, कोणत्या कोर्सला आणि कोणत्या वर्षाची? या तिन्ही गोष्टी लागतात.

महाराष्ट्रात नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. तिचं कार्यालय मुंबईत आहे. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद आहे, ती १९४७ च्या कायद्याने आली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे, त्यामुळे पुढेमागे नाव बदललेलं दिसलं तर गोंधळू नका. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) या कोर्सची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंगची पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं, किंवा कॉलेज अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं असेल तर ते विद्यापीठ देतं.

देशाच्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय, कोर्सनिहाय यादी असते. तिथं कॉलेजचं नाव, गाव आणि मंजूर जागा तिन्ही जुळवून बघा. नावात ‘स्कूल’ आणि ‘कॉलेज’ एवढा फरक असला तरी फोन करून खात्री करा. एखाद्या संस्थेला एएनएमची परवानगी असते, आणि त्याच गेटवर बीएस्सीचाही बोर्ड असतो. मान्यता इमारतीला नसते, कोर्सला असते. जागा ४० मंजूर असताना सत्तर मुली घेतल्या तर वरच्या तीस जणींची नावं पुढे कुठेच चढत नाहीत. आणि हे त्या मुलींना परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी कळतं.

आयएसओ, ट्रस्टची नोंदणी, उद्योग आधार यांतलं काहीही नर्स होण्याचा परवाना देत नाही. नॅकची श्रेणी चांगली गोष्ट आहे, पण ती गुणवत्तेची मोजणी आहे. परिषदेची परवानगी वेगळी आणि तिच्याशिवाय भागत नाही. जनरल ड्युटी असिस्टंटचे, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसाचे, कोर्स असतात, त्यांतून काम मिळतं आणि ते काम मोलाचं आहे. पण तो कोर्स करून कुणी स्टाफ नर्स होत नाही. ‘सहा महिन्यांत नर्स’ म्हणणारा माणूस बहुधा हाच कोर्स दुसऱ्या नावाने विकत असतो.

घरबसल्या नर्सिंग

मोबाईलवर जाहिरात येते: ऑनलाईन नर्सिंग, हजेरीची गरज नाही. आपल्याकडे एएनएम, जीएनएम आणि बेसिक बीएस्सी हे तिन्ही नियमित, हजर राहून करायचे कोर्स आहेत. दूरशिक्षणाने केलेल्या अशा कोर्सवर नोंदणी होत नाही. बीएस्सीच्या नियमांत थिअरी आणि प्रात्यक्षिकाला किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. आजारी पडून चार दिवस बुडाले तर मुली ते नंतर भरून काढतात. मग जिथं वॉर्डच नाही तिथं ही हजेरी कुठली भरणार?

अमेरिकेत ऑनलाईन नर्सिंग पदवी आहे, हे खरं. पण त्यातल्या बहुतेक पदव्या आधीच परवाना असलेल्या नर्ससाठी असतात, पुढचं शिक्षण म्हणून. तिथंही कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का ते बघतात, आणि क्लिनिकल प्रत्यक्षच करावं लागतं. ती जाहिरात बघून इथल्या बारावीच्या मुलीने पैसे भरू नयेत.

सांगलीला कर्नाटकची सीमा जवळ, म्हणून आणखी एक प्रकार चालतो. एजंट घरी येतो आणि सांगतो, कॉलेज तिकडं आहे, हजेरी नाही, फक्त परीक्षेला या. कर्नाटकात उत्तम कॉलेजं आहेत, तिथं जाऊन शिकायला काहीच हरकत नाही. पण नोंदणी आधी त्या राज्याच्या परिषदेत होते, मग पडताळणी होऊन महाराष्ट्रात येते, आणि त्यात महिने जातात. हजेरीशिवाय मिळालेला कागद पडताळणीत टिकत नाही. टिकला तरी ती मुलगी पेशंटला सलाईन कशी लावणार? माझ्या वॉर्डात अशी एक आली होती. शीर शोधताना हात थरथरत होता, आणि समोरची म्हातारी तिलाच धीर देत होती. दोष त्या मुलीचा नव्हता.

कॉलेज बघायला गेलात, पण वॉर्ड बघितला का?

पालक इमारत बघतात, कॉम्प्युटर लॅब बघतात, गणवेशाचा रंग विचारतात. माझी विनंती आहे, सकाळी आठ वाजता त्या कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये जा. एकाही मुलीच्या अंगावर त्या कॉलेजचा गणवेश दिसत नसेल तर विचार करा. दिसली तर तिला बाजूला घेऊन विचारा: "आज पोस्टिंग कुठल्या वॉर्डला? लेबर रूमला किती डिलिव्हरी बघितल्या? लॉगबुकवर सही कोण करतं?" खरी शिकणारी मुलगी न थांबता सांगते. नुसती वही भरून घेणाऱ्या कॉलेजची मुलगी मॅडमकडे बघते.

प्रशिक्षणासाठी एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका, असं परिषदेचं प्रमाण आहे. पाटीवर शंभर खाटा लिहिलेल्या असतील, पण त्यातल्या भरलेल्या किती? खाटा रिकाम्या असतील तर शिकायला पेशंट कुठून येणार? कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल लहान असेल, तर मुली सिव्हिलला किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात जातात का, आणि तसा करार आहे का, ते विचारा.

कोर्स निवडताना

बीएस्सीला बारावी विज्ञान लागतं, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजीसह. खुल्या गटाला ४५ टक्के. कोर्स ४ वर्षांचा, २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमापासून सेमिस्टर पद्धतीचा, आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. जीएनएम ३ वर्षांचं, त्याला कला शाखेची मुलगीही चालते. एएनएम २ वर्षांचं. कला शाखेच्या मुलीला कुणी थेट बीएस्सी देतो म्हणाला तर तिथून उठा. जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, तो रस्ता सरळ आहे.

फीबद्दल एवढंच, की अभिमत विद्यापीठं सोडली तर खासगी बीएस्सी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरलेला आकडा मागून घ्या, रोख देऊ नका, पावती घ्या. प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला की मॅनेजमेंट कोट्यातून, यावर महाडीबीटीची (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलची) सवलत अवलंबून असते. ‘स्कॉलरशिप आम्ही बघतो’ या तोंडी शब्दावर जाऊ नका.

प्रवेश झालाय आणि आता शंका येतेय

बीएस्सी असेल तर विद्यापीठाचा पीआरएन (कायम नोंदणी) नंबर मागा, जीएनएम किंवा एएनएम असेल तर मंडळाकडची नावनोंदणी. पहिल्या काही महिन्यांत तो नंबर मिळाला नाही आणि ऑफिसात ‘येतोय’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर वाट बघू नका. कॉलेजला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मंडळाला किंवा विद्यापीठाला स्वतः विचारा. पावत्या, जाहिरातीचा कागद, एजंटचे व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा. कोर्सच अस्तित्वात नसेल तर ती फसवणूक आहे, पोलिसांत तक्रार होते.

घरच्यांनी मुलीवर राग काढू नये. माझ्या भावाने पहिले दोन दिवस तेच केलं. ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसून यादी काढली आणि पुढच्या हंगामात तिने जीएनएमचा अर्ज भरला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे.

एक गोष्ट राहिली. जुन्या संस्थेने तिची दहावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली होती आणि उरलेली फी भरा म्हणत होते. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवा, पण तिथंच ठेवू नका. ठेवावाच लागला तर लेखी पोच घ्या. आणि कुणी अडवून धरलाच, तर आपले सांगली-सातारा दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. दुय्यम गुणपत्रिकेसाठी मंडळाकडे अर्ज करता येतो. आम्ही तोच केला.