अर्धे चित्र, अर्धे शिल्प: घरच्या घरी उठावाचे अमूर्त काम

रंगाची ट्यूब उघडण्याआधी भिंत ठरवा. खिडकी बाजूला असेल तर दोन मिलिमीटरचा उठावही सावली टाकतो. प्रकाश थेट समोरून पडत असेल तर बोटभर उंचीही सपाट दिसते. या कामात सावली हा फुकटचा रंग आहे, आणि तो दिवसभर बदलत राहतो.

पायासाठी 12 मिमीचा, दीड बाय दोन फुटांचा प्लाय घ्या. कॅनव्हास वजनाने झोळतो आणि थर तडकतात. प्राइमर दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर प्लाय वाकतो.

आता पुठ्ठा, सुतळी, गोणपाट, जे हाती येईल ते फेविकॉलने चिकटवा. वरून लेप: दोन भाग फेविकॉल, तीन भाग चॉक पावडर, बेताचे पाणी, श्रीखंडाइतके घट्ट. थर तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड नको. प्रत्येक थर दिवसभर सुकू द्या, पावसाळ्यात आणखी थांबा. मी एकदा घाईत अर्धा इंच थापला, तर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. दिसल्या छान, पण श्रेय माझे नव्हते.

भर घालण्यापेक्षा काढून टाकण्यात जास्त गंमत आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या चित्रकार जेराम पटेलांनी 1960च्या दशकात प्लायवूड ब्लोटॉर्चने, म्हणजे हातात धरायच्या ज्योतीच्या बर्नरने, जाळले. तो करपलेला खड्डा हेच त्यांचे चित्र. इटलीत लुचिओ फोंताना या कलाकाराने 1958पासून कॅनव्हास चिरायला घेतला. चिरेमागे तो काळे विरळ कापड लावी, त्यामुळे फटीतून भिंत दिसत नाही, अंधार दिसतो. घरात ब्लोटॉर्च मात्र नको, प्लायमधला गोंद जळून घाणेरडा धूर होतो. त्याऐवजी पटाशीने वरचा एक पदर सोला. खालच्या पदराचे रेषे आडवे असतात, म्हणजे दिशा आपोआप बदलते.

रंगाआधी खोलीत अंधार करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. खटकणारा उंचवटा पॉलिश पेपरने घासा. मग एकच अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करून खोबणीत मुरू द्या, वरचा ओल्या फडक्याने पुसा. सावली रंगवण्याचा मोह आवरा. उजेडाची दिशा बदलली की ती खोटी पडते.

टांगायला रावळ प्लग आणि दोन स्क्रू हवेत. मागे अर्ध्या इंचाच्या पट्ट्या ठोकल्या तर फळी भिंतीपासून सुटी राहते आणि कडेचीही सावली पडते.