कमोडोर ६४ ची मूळ फ्लॉपी उतरवून घेताना

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाची मूळ गेम-फ्लॉपी जपायची असेल तर साध्या डी६४ फाइलवर (फ्लॉपीच्या नेहमीच्या डिजिटल प्रतीवर) विसंबू नका. तिच्यात ३५ ट्रॅकवरचे (चकतीवरच्या गोल पट्ट्यांवरचे) ६८३ सेक्टर (त्या पट्ट्यांचे तुकडे), म्हणजे नुसती माहितीच येते. कॉपी-संरक्षण बहुधा तिच्याबाहेर दडलेलं असतं: मुद्दाम बिघडवलेला सेक्टर, लांबलचक सिंक-खूण (माहिती कुठून सुरू होते ते ड्राइव्हला कळवणारी खूण), ३५ च्या पुढचा ट्रॅक. गेम सुरू होताना नेमकं तेच तपासलं जातं, आणि प्रत तिथेच अडते. म्हणून निबटूल्स या प्रोग्रॅमने कच्चे, म्हणजे चकतीवर आहेत तसेच, ट्रॅक जी६४ या फाइल-स्वरूपात घ्या. त्यासाठी झूमफ्लॉपीला (कमोडोरचे ड्राइव्ह आजच्या संगणकाला यूएसबीने जोडणाऱ्या अडॅप्टरला) कमोडोरचा १५४१ फ्लॉपी-ड्राइव्ह जोडत असाल तर पॅरलल केबलही लागते, हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं.

आणि सगळ्यात आधी फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाका! ५.२५ इंची फ्लॉपीत उघडी खाच म्हणजे ड्राइव्हला लिहायची मोकळीक.