दुआ सुरू ठेवा, पण दवा लांबवू नका : मानसिक आजारात मुस्लिम कुटुंबांकडून होणाऱ्या चुका

नैराश्य आलेल्या माणसाचे इमान (श्रद्धा) कमजोर आहे असे ठरवून त्याला ‘नमाज वाढव’ एवढेच सांगणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ज्याला फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, उठणेच जमत नाही, त्याच्या आजारात या सल्ल्याने अपराधीपणाची भर पडते. अल्लाहने इलाज न पाठवलेला एकही आजार पाठवलेला नाही, ही बुखारी शरीफ या संग्रहातील हदीस (पैगंबरांचे वचन) मधुमेहाच्या वेळी सर्वांना आठवते. मनाच्या आजाराच्या वेळी मात्र तिचा विसर पडतो.

वसवशाच्या, म्हणजे मनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंकांच्या, बाबतीत घोटाळा अधिक होतो. एखादा तरुण वजू (नमाजपूर्वी हात-पाय-तोंड धुणे) पुन्हा पुन्हा करतो, कोपर कोरडे राहिले असेल या शंकेने नळ सोडत नाही, नमाजची नियत (संकल्प) बांधून मोडतो आणि तोवर जमात (सामूहिक नमाज) संपून जाते. घरचे त्याला परहेजगार समजतात किंवा सैतानाचा त्रास मानतात, पण हे मंत्रचळाचे (ओसीडी या मानसिक आजाराचे) लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. अशा शंकेकडे दुर्लक्ष करून पुढे जावे, असे जुन्या फकीहांनीही (इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) सांगितले आहे. मानसोपचारात, कृती पुन्हा न करता ती अस्वस्थता सोसण्याचा जो सराव करून घेतात, तो याच्याशी बराच जुळतो. म्हणून ‘मनाच्या समाधानासाठी आणखी एकदा धू’ असे म्हणून त्याला साथ देऊ नये.

आसेब (भूतबाधा) किंवा नजर मानून दर्ग्यावर नेण्यात श्रद्धेचा भाग आहे, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र त्यात महिने गेले, रुग्णाला बांधून ठेवले, तर ते अक्षम्य आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी दर्ग्याजवळच्या खासगी निवाऱ्याला आग लागली, तेव्हा साखळदंडांत अडकलेले 28 रुग्ण मरण पावले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा बांधण्यास मनाई केली आहे. याउलट गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ उपक्रमातून मुजावरच (दर्ग्याचे सेवेकरी) रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू लागले.

मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने उपचार टाळणेही चुकीचे आहे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे त्याच कायद्याने बंधनकारक आहे. दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर 24 तास विनामूल्य बोलता येते.

शेवटची चूक रमजानमधली. रोजासाठी गोळ्या मनानेच बंद करू नयेत किंवा दिवसभराच्या गोळ्या सेहरीला वा इफ्तारला एकदम घेऊ नयेत. महिना सुरू होण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडून वेळापत्रक ठरवून घ्यावे. लिथियम हे मानसिक आजारावरील औषध घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की त्याचे रक्तातील प्रमाण घातक पातळीपर्यंत चढू शकते. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे. लिथियम घेणाऱ्याला हात थरथरणे, उलट्या होणे, चालताना तोल जाणे यांपैकी काही दिसल्यास मगरिबची (सूर्यास्ताची) वाट न पाहता रोजा सोडून रुग्णालय गाठावे.