चेकबॉक्सची टिक काढली तरी डेटाबेसमध्ये जुनंच का राहतं?

टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. शून्य नाही, रिकामी स्ट्रिंग नाही, नावसुद्धा नाही. आणि टिक आहे पण व्हॅल्यू दिलेली नाही, तर नुसतं ‘ऑन’ येतं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

म्हणून पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी भाषा) पोस्टच्या अ‍ॅरेमधून, म्हणजे फॉर्ममधून आलेल्या माहितीच्या यादीतून, चेकबॉक्स थेट वाचू नका, टिक नसेल तर पीएचपी 8 मध्ये ‘की’ (त्या फील्डचं नाव) सापडली नाही म्हणून वॉर्निंग येते. आधी इसेट, म्हणजे ती की आलीय का हे तपासणारं फंक्शन, लावून बघा, असेल तर 1, नसेल तर 0, आणि दोन्ही वेळेला डेटाबेसमध्ये लिहा. बरेच जण पोस्टमध्ये जे आलं त्याच्यावरच फॉरइच लूप फिरवतात आणि तेवढेच कॉलम अपडेट करतात, मग कोणीतरी प्रोफाइलमध्ये जाऊन ‘मला एसएमएस पाठवा’ची टिक काढतं, सेव्ह करतं, आणि एसएमएस काही थांबत नाहीत, कारण तो कॉलम अपडेटमध्ये आलाच नाही. बिचाऱ्याने स्पष्ट ‘नाही’ सांगितलंय हो! लूप फिरवायचा तो त्या फॉर्मवरच्या चेकबॉक्सच्या आपल्या यादीवर.

दुसरा उपाय म्हणजे चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं, पानावर न दिसणारं हिडन इनपुट, व्हॅल्यू 0. एकाच नावाच्या दोन व्हॅल्यू आल्या की पीएचपी शेवटची धरतं, त्यामुळे टिक असेल तर 1 नाहीतर 0. रेल्स या रूबीच्या वेब फ्रेमवर्कचा फॉर्म हेल्पर हेच करतो. एकच एपीआय (सर्व्हरचा माहिती घेणारा भाग) अर्धवट, म्हणजे काहीच फील्ड असलेले, अपडेटही घेत असेल तर मला हाच बरा वाटतो, कारण ‘टिक काढली’ आणि ‘हा फील्ड फॉर्मवर नव्हताच’ यातला फरक कळतो.

ग्रुप असेल, म्हणजे आवडीचे विषय वगैरे, तर नावाच्या शेवटी चौकटी कंस द्या, नाहीतर पीएचपीत पाच टिका करूनही शेवटचीच हातात येते. फ्लास्क या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये कंस लागत नाहीत, तिथे एका नावाच्या सगळ्या व्हॅल्यू देणारं गेटलिस्ट वापरायचं. सगळ्या टिका काढल्या तर अख्खा अ‍ॅरेच गायब असतो, म्हणून डिफॉल्ट रिकामा अ‍ॅरे धरा आणि जुन्या नोंदी डिलीट करून नव्या टाकणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर काहीच नाही.

आलेल्या व्हॅल्यूवर विश्वास मात्र अजिबात नको, ब्राउझरची डेव्हटूल्स उघडून कोणीही व्हॅल्यू बदलू शकतं. आपल्या यादीशी अ‍ॅरे-इंटरसेक्ट करा, म्हणजे दोन्हीकडे असेल तेवढंच राहील, यादीत नसेल ते टाकून द्या.

जँगोवाल्यांनो (पायथॉनचंच आणखी एक वेब फ्रेमवर्क), हो-नाही साठीचा बूलियनफील्ड फॉर्ममध्ये मुळातच रिक्वायर्ड असतो, म्हणजे टिक नसेल तर फॉर्म व्हॅलिड होत नाही. अटी मान्य आहेत का, याला ते ठीक, बाकी ठिकाणी रिक्वायर्ड फॉल्स करा.

आणि हजेरीसारखा लांबलचक फॉर्म असेल तर पीएचपीचं मॅक्स इनपुट व्हार्स, म्हणजे एका वेळी किती इनपुट्स घ्यायची याची मर्यादा, बघून ठेवा, डिफॉल्ट 1000 आहे. त्याच्या पुढची इनपुट्स कापली जातात, आणि आपला कोड त्या मुलांची टिकच नव्हती असं समजून सरळ गैरहजेरी लावतो.