मैफल रेकॉर्ड करताना हात माइकवर नको

ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात मैफल रेकॉर्ड करायची असेल, तर आधी आयोजकांना विचारा. कलाकाराची ना असेल तर फोन खिशातच बरा. परवानगी मिळाली की एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन तराण्यात कुणाचातरी कॉल येतो. फ्लॅश बंद, झूम शक्यतो नकोच. गायकाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो. मग कॅमेऱ्यात चित्राचा उजेड थोडा कमी करा, म्हणजे झोतातला चेहरा पांढराफटक दिसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, फोन आडवा धरला की तळहात नेमका चार्जिंगच्या खाचेशेजारच्या माइकवर येतो. तिथून हात काढा. माझ्याकडच्या एका अख्ख्या भैरवीत तबला उशीखाली वाजल्यासारखा ऐकू येतो, अजून हळहळ वाटते.