प्ले कॉलिंगवर खापर फोडण्याआधी: कॉलेज फुटबॉलच्या चर्चेत या चुका टाळा

30 नोव्हेंबर 2024 ला कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ मिशिगन विद्यापीठाकडून 13-10 असं हरलं. यजमान संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर, पाहुणे 6 विजय आणि 5 पराभव घेऊन आलेले, आणि तरीही मिशिगननं सलग चौथ्यांदा मात दिली. चाहत्यांनी दोघांना धारेवर धरलं: प्ले, म्हणजे प्रत्येक चाल, ठरवणारे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे प्रशिक्षक) चिप केली, आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर उभी राहणारी पाच जणांची लाइन. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना काढा, ही मागणीही लगेच सुरू झाली. सात आठवड्यांनी, 20 जानेवारी 2025 ला, हेच प्रशिक्षक, हेच कोऑर्डिनेटर आणि जवळजवळ हीच लाइन घेऊन संघानं अटलांटामध्ये नोटर डेमला 34-23 हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

अमेरिकेत शिकायला आलेली आपली मुलं एक-दोन मोसमांत या खेळाच्या नादाला लागतात, आणि मग शनिवारच्या सामन्यानंतर रात्री उशिरापर्यंत तावातावानं वाद रंगतात. मला हे वाद मनापासून आवडतात. पण त्यांत त्याच त्या चुका होतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं. प्ले कॉलिंग ही एक तक्रार आणि लाइन ही दुसरी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लाइनला जे पेलतं तेवढेच कॉल कोऑर्डिनेटरच्या हातात असतात, आणि कॉल चुकीच्या जागी गेला की चांगली लाइनही दुबळी दिसते. एकाला बाजूला ठेवून दुसऱ्यावर बोललं की निदान चुकतंच.

प्ले फसला म्हणजे कॉल चुकला, असं धरू नका

1 जानेवारी 2024 चा रोझ बोल आठवा. जादा वेळेत मिशिगन 27, अलाबामा 20. अलाबामाचा चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, गोलरेषा 3 यार्डांवर. क्वार्टरबॅक जेलन मिलरो चेंडू घेऊन सरळ मधून घुसला आणि तिथेच अडवला गेला. सामना संपला. कोऑर्डिनेटर टॉमी रीस यांच्यावर झोड उठली. अख्खा मोसम पणाला लागलेला असताना गर्दीत घुसायचा प्ले कुणी देतं का?

तोच प्ले पुन्हा लावा, पण या वेळी नजर सेंटरच्या, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणाऱ्याच्या, हातावर ठेवा. स्नॅप, म्हणजे तो मागे दिलेला चेंडू, खाली गेला आहे. अशा प्लेमध्ये चेंडू छातीच्या उंचीला यावा लागतो, म्हणजे क्वार्टरबॅकचे डोळे समोरच्या फटीवर राहतात. इथे मिलरोची नजर आधी चेंडूकडे गेली, मग लाइनकडे. गोलरेषेजवळ बचावाला एवढी उसंत पुरते. त्या दिवशी अलाबामाचे स्नॅप आधीही अनेकदा भरकटले होते, मिलरोला 6 वेळा सॅक झालं होतं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं गेलं होतं.

म्हणून रीस निर्दोष ठरत नाहीत. दिवसभर स्नॅप बिघडत असताना ज्यात अचूक स्नॅपच हवा तोच प्ले शेवटी का निवडला, हा प्रश्न त्यांना विचारायलाच हवा. पण या प्रश्नात आणि ‘मधून रन (चेंडू घेऊन पळण्याचा प्ले) दिलाच कसा’ या ओरडण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाच जणांना सुटे सुटे पाहू नका

अलाबामाचा तो सेंटर म्हणजे सेथ मॅक्लॉक्लिन. पुढच्या मोसमासाठी तो ओहायो स्टेटमध्ये गेला आणि 2024 ची रिमिंग्टन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा पुरस्कार, त्याला मिळाली. एका स्नॅपवरून माणसाला निकालात काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण ओहायो स्टेटच्या त्या वर्षाची खरी गोष्ट त्याच्या दुखापतीत आहे.

मोसमाच्या मध्यावर, 12 ऑक्टोबरला, ओरेगनविरुद्ध लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा) जॉश सिमन्सचा गुडघा गेला. क्वार्टरबॅकच्या पाठीमागची, त्याला न दिसणारी बाजू सांभाळणारा तो माणूस. पुढच्या सामन्यात नेब्रास्काविरुद्ध बदली खेळाडू चाचपडला आणि त्यालाही दुखापत झाली. मग लेफ्ट गार्ड (सेंटर आणि टॅकलच्या मधला) डॉनोव्हन जॅक्सनला बाहेर टॅकलच्या जागी नेलं आणि गार्डला कार्सन हिंझमन आला. ही जोडणी बसली. 2 नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर 20-13 ची आघाडी असताना ओहायो स्टेटनं शेवटची पाच मिनिटं रनवर रन काढत घालवली आणि पेन स्टेटला चेंडू परत मिळूच दिला नाही. लाइन दमदार असल्याशिवाय हे जमत नाही.

त्यानंतर इंडियानाच्या सामन्याच्या आठवड्यात सरावात मॅक्लॉक्लिनची टाच गेली, अकिलीस स्नायुबंध तुटला. हिंझमन सेंटरला सरकला आणि लेफ्ट गार्डला ल्यूक माँटगोमरी आणि ऑस्टिन सिएरवेल्ड यांचे आलटून-पालटून प्रयोग सुरू झाले. मिशिगनविरुद्ध उतरला तो हा संच.

चाहते अशा वेळी म्हणतात, एकच तर माणूस बदलला. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांपैकी एक नवा आला तर काय होतं ते आठवा. दोघंही तगडे असतील, पण आत कधी शिरायचं हे एकाला कळतं तेव्हा दुसरा अजून थांबलेला असतो. लाइनचं तसंच आहे. आतल्या रनमध्ये सेंटर आणि गार्ड मिळून समोरच्या, बचावाच्या टॅकलला ढकलतात, आणि तो हलला की दोघांपैकी एकजण त्याला सोडून त्याच्या मागे उभ्या बचावपटूकडे, लाइनबॅकरकडे, सुटतो. लवकर सुटला तर टॅकल आत घुसतो. उशीर झाला तर लाइनबॅकर मोकळा राहून चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला गाठतो. ही वेळ सांगून साधत नाही, एकत्र खेळून अंगवळणी पडते. आणि समोर कोण होते? मिशिगनच्या बचावाचे टॅकल मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) ग्रॅहम पाचवा आणि ग्रँट तेरावा निवडला गेला. नुकत्याच बसवलेल्या मधल्या जोडीपुढे देशातली बहुधा सर्वांत कठीण मधली जोडी.

आता कॉलकडे या. त्या दिवशी ओहायो स्टेटनं 26 रन काढले आणि मिळाले 77 यार्ड. आतल्या बाजूला पुन्हा पुन्हा. तेही जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका आणि कार्नेल टेट असे पास झेलणारे तीन रिसीव्हर बाहेर उभे असताना आणि त्यांना रोखणारा मिशिगनचा पहिल्या दर्जाचा कॉर्नरबॅक विल जॉन्सन दुखापतीनं बाहेर असताना. त्या दिवशी चाहत्यांचा राग रास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे. क्वार्टरबॅक विल हॉवर्डच्या दोन इंटरसेप्शन (बचावानं झेललेले पास) आणि लाथ मारताना हुकलेले दोन फील्ड गोल जमेस धरूनही. पेन स्टेटविरुद्ध चाललेला डाव मधला माणूस गेल्यावरही तसाच चालेल असं मानलं गेलं, चूक तिथे होती. ‘लाइन कुचकामी’ म्हटलं की ही चूक झाकली जाते.

प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, काय बदललं ते पाहा. टेनेसीविरुद्ध 42-17, मग रोझ बोलमध्ये ओरेगनविरुद्ध 41-21. बाहेरच्या रिसीव्हरना चेंडू लवकर आणि वारंवार मिळू लागला. ओरेगनविरुद्ध स्मिथनं एकट्यानं 187 यार्ड मिळवले. बचाव बाहेर ताणला गेला तशी मधे जागा झाली, आणि त्याच लाइनच्या मागून ट्रेव्हियन हेंडरसन 66 यार्ड पळाला.

‘पास टाका’ हा प्रत्येक दुखण्यावर इलाज नाही

वरच्या उदाहरणावरून कुणी असा निष्कर्ष काढला तर तीही चूक. 11 नोव्हेंबर 2023 ला मिशिगननं पेन स्टेटच्या मैदानावर सलग 32 वेळा रन दिला. अख्ख्या उत्तरार्धात त्यांच्या नावावर एकही पास नोंदला गेला नाही. क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीचे दिवसभरात पास 8. सामना 24-15 असा जिंकला, 46 रनमध्ये 227 यार्ड काढून.

असा कॉल घरच्या संघानं दिला तर आपण त्याला भेकड म्हणू. पण पेन स्टेटचे कडेचे पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) अतिशय वेगवान होते, आणि पासच्या वेळी मागे हटणाऱ्या मिशिगनच्या टॅकलना ते पूर्वार्धात जड जात होते. मागे हटायचंच नाही, पुढे चालून जायचं, हा त्यावरचा सरळ उपाय. त्या दिवशी मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी शेरॉन मूर यांच्याकडे होती. कोऑर्डिनेटर तेच आणि लाइनचे प्रशिक्षकही तेच. आपल्या माणसांना काय पेलतं हे त्यांना दुसऱ्याकडून विचारून घ्यावं लागलं नाही.

प्ले दिला कुणी, हे गृहीत धरू नका

‘पुन्हा तोच रन’ म्हणून आपण ज्यावर चिडतो, तो पुष्कळदा कोऑर्डिनेटरनं दिलेला रन नसतो. आरपीओ म्हणजे रन-पास ऑप्शनमध्ये लाइन रनसाठीच ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक एका ठरावीक बचावपटूकडे बघून चेंडू द्यायचा की फेकायचा ते ऐनवेळी ठरवतो. कॉलेजमध्ये पास सुटण्याआधी लाइनमनला 3 यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये फक्त 1 यार्ड. म्हणून कॉलेजमध्ये हे प्ले इतके दिसतात. तीन वेळा रन दिसला तर कदाचित तीन वेळा क्वार्टरबॅकनं पासची संधी सोडलेली असते.

2024 पासून वरच्या विभागात प्रशिक्षकाला मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलता येतं, पण प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर बचावानं रचना बदलली तर निर्णय मैदानावरच्या मुलांचा, आणि ती मुलं 19 ते 22 वर्षांची असतात.

आकडे वाचताना नियम विसरू नका

कॉलेजच्या नोंदीत सॅकमुळे गेलेले यार्ड रनमधून वजा होतात. एनएफएलमध्ये ते पासमधून जातात. त्यामुळे ‘30 रन, 80 यार्ड’ असं दिसलं तर आधी सॅक बाजूला काढा. चार सॅकमध्ये 30 यार्ड गेले असतील तर रनिंग बॅकनी प्रत्यक्षात 26 रनमध्ये 110 मिळवलेले असतात, आणि दुखणं रनचं नसून पासच्या वेळच्या संरक्षणाचं असतं. निम्मे वाद इथेच मिटतील.

प्रत्येक सॅक टॅकलच्या माथी मारू नका

सॅक झाला की आपण सर्वांत जवळ पडलेल्या लाइनमनचा नंबर वाचतो. त्याआधी सेकंद मोजा. स्नॅपपासून तीन सेकंद उलटूनही चेंडू हातातच असेल तर क्वार्टरबॅक किंवा रिसीव्हरकडे बघा. दोन सेकंदांच्या आत कुणी मोकळा घुसला असेल तर तो कुणाचा होता, हे बाहेरून नक्की सांगता येत नाही. पाच लाइनमन आणि एक रनिंग बॅक संरक्षणाला असताना सात जण चाल करून आले, तर एकजण सुटणारच. तिथे क्वार्टरबॅकनं झटपट पास द्यायचा असतो. लाइनला खरा दोष द्यावा तो समोरासमोर एकटा एकाशी भिडून हरलेल्यांना, किंवा बचावाचे दोघे आपापसांत जागा बदलून आत आले आणि गार्ड-टॅकलनी एकमेकांकडे त्यांची अदलाबदल केली नाही तेव्हा.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे पहिल्या पाहण्यात हे निसटतं. दुसऱ्यांदा बघताना स्नॅपच्या आधी थांबवा आणि लाइनसमोर बचावाचे किती जण जमलेत ते मोजा. सहा ब्लॉकरसमोर आठ जण असताना दिलेला रन आणि सहासमोर सहा असताना फसलेला रन, या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. पहिली कोऑर्डिनेटरकडे किंवा क्वार्टरबॅककडे जाते, दुसरी लाइनकडे.

‘कोऑर्डिनेटर बदला’ इथेच थांबू नका

मिशिगनच्या त्या 32 रनच्या सामन्यानंतर दुसऱ्याच दिवशी पेन स्टेटनं आपले कोऑर्डिनेटर माइक युरसिच यांना काढलं. चाहत्यांना हवं होतं तेच झालं. कॅन्ससहून अँडी कोटेलनिकी आले, प्लेमध्ये कल्पकता आली, टाइट एंड (ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा) टायलर वॉरनला नाना जागी उभं करून नाना कामं दिली गेली, आणि पुढच्या मोसमात संघ प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. म्हणजे बदल उपयोगी पडला, यात शंका नाही. पण युरसिच यांच्या काळातली एक तक्रार अशी होती की रिसीव्हर मोकळे होतच नाहीत, आणि तिचं उत्तर नव्या प्लेबुकमध्ये नव्हतं. 9 जानेवारी 2025 ला ऑरेंज बोलमध्ये पेन स्टेट नोटर डेमकडून 27-24 असं हरलं, आणि त्या सामन्यात त्यांच्या एकाही वाइड रिसीव्हरच्या नावावर एकही झेललेला पास नव्हता.