हेलपाटा वाचला पाहिजे

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात ऑनलाइन सेवा केंद्रांवर सतत नवी मुलं-मुली कामाला लागत असतात. टायपिंग चांगलं, घरी मराठी, शाळेमुळे कन्नड वाचता येतं. मालक पोर्टल शिकवतो, पासवर्ड देतो, कुठल्या कामाचे किती घ्यायचे ते सांगतो. समोरच्या माणसाशी वागायचं कसं, याबद्दल मात्र "जरा गोड बोला" एवढंच कानावर पडतं. मी खानापुरात याच कामात आहे. गोड बोलून चुकीची माहिती दिली तर त्या माणसाचा आणखी एक दिवस वाया जातो. त्याचा हेलपाटा वाचवणं हीच मला खरी आपुलकी वाटते, आणि ती शिकता येते.

कणकुंबी-जांबोटीकडची बाई आपल्यापुढे येऊन बसते तोवर तिचा निम्मा दिवस खर्ची पडलेला असतो. चूल, गुरं आवरून तिने बस धरलेली असते. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट पडत नाही, पण त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच. लावणीच्या नाहीतर सुगीच्या दिवसांत तर ती कुणाला तरी शब्द देऊन आलेली असते. परतीची बस चुकेल या धास्तीने ती सारखी "झालं काय वो?" विचारते, आणि नव्या मुलांना ती कटकट वाटते. म्हणून मी आधी विचारते, "मावशी, कुठनं आलासा? बस किती वाजता?" एवढ्या उत्तरावर कुणाचं काम आधी घ्यायचं ते कळतं. आणि विचारलं म्हणूनच ती निवांत बसते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न गृहलक्ष्मीचा. ऑगस्ट 2023 च्या अखेरीस ही योजना सुरू झाली. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव, तिला महिन्याला 2,000 रुपये. "गल्लीतल्या सगळ्यांचं आलंय, माझंच का आलं नाही बघ की बाळा," असं म्हणत ती पासबुक पुढे करते. त्यात नोंद नसते. "आलं नाही, पुढच्या महिन्यात बघा" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण आधारवर थेट जमा होणारी रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि पुष्कळ बायकांनी मधेच कुठेतरी दुसरं खातं काढलेलं असतं. गटाच्या कर्जासाठी असेल, गावात कॅम्प लागला होता म्हणून असेल. ते पासबुक घरी डब्यात पडलेलं असतं. "दुसऱ्या कुठल्या बँकेत कधी अंगठा दिला होता काय?" हा एक प्रश्न विचारा. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. पैसे बुडालेले नाहीत, दुसरीकडे साठलेत, हे कळल्यावर तिचा चेहरा बघा.

ते बघायला ओटीपी लागतो, आणि आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा गोव्याला नाहीतर पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा असतो. तो ड्युटीवर असतो, फोन उचलत नाही. अशा वेळी ती बाई आपल्यासमोर ओशाळते, जणू तिनेच काही चूक केली. तिला सांगा, "असं सगळ्यांचंच होतंय, जेवणाच्या सुट्टीत लावूया परत," आणि मग आठवणीने लावा. तोवर मागच्याचं काम घ्या.

शिल्लक किती, हे मोठ्याने कधीही सांगू नका. सासू-सून एकत्र येतात, मागे भावकीतलं कुणी उभं असतं. कार्डावर प्रमुख कोण, यावरून आधीच घरात बोलाचाली झालेली असते. मी आकडा चिठ्ठीवर लिहून सरकवते; वाचता येत नसेल तर जवळ बोलावून सांगते.

अंगठ्याचं प्रकरण वेगळं. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या, इकडे भातात आणि काजूत राबणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन लाल दाखवतं. "तुमचा अंगठा येत नाही" हे वाक्य मी आमच्या केंद्रात बंद करायला लावलंय. "मशीन घेईना झालंय, दुसरं बोट बघूया," असं म्हणायचं. ओलसर फडक्याने बोट पुसायचं, कोरडं करायचं, काच पुसायची, मधलं बोट घ्यायचं. नाहीच जमलं तर त्या कामाला डोळ्याची नाहीतर चेहऱ्याची पडताळणी चालते का ते बघायचं. हे करताना तिचा हात आपण ओढायचा नाही. ठेवायचं कुठे ते दाखवायचं, दाबायचं तिने.

नावांच्या घोळात सगळ्यात जपून बोलावं लागतं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, आणि कन्नडात टाइप होताना तिसरंच. जुळवण्यासाठी माहेरचं नाव विचारावं लागतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागावा लागतो. रांगेसमोर "नवरा आहे की गेलाय?" असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. बाजूच्या खुर्चीवर बसवा, हळू विचारा आणि दोन क्षण थांबा. वारसा लावायला आलेल्या बाईला फॉर्मच्या आधी बरंच काही बोलायचं असतं. थोडं ऐकलं की पुढची माहिती ती नीट देते, तारखा चुकत नाहीत.

जमिनीच्या उताऱ्याबद्दल माझं मन विशेष हळवं आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आजही कितीतरी घरांत पेटीत आजोबांचे मराठी कागद आहेत आणि चालू उतारा कन्नडात. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद हातात घेऊन म्हातारा माणूस तो वाचून दाखवणारं कुणी मिळतं का ते बघत असतो. प्रिंट देऊन पैसे घेतले की आपलं काम नियमाने संपतं. पण अर्धं मिनिट घ्या. नाव वाचा, सर्व्हे नंबर वाचा, एकर-गुंठे वाचा, आणि सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का ते आवर्जून सांगा. कर्ज फेडलं तरी बोजा उतरलेला नसतो आणि घरी कुणाला पत्ता नसतो. पण अर्धवट कळत असेल तर अंदाजाने सांगू नका, शेजारच्याला विचारा. म्हणूनच मी नव्यांना म्हणते, आधी कागद शिका.

इटगी, पारिशवाडकडची माणसं कन्नड बोलतात. तुमचं कन्नड मोडकं असलं तरी "बर्री, कुंद्री" (या, बसा) म्हणा आणि सुरू करा. ती सांभाळून घेतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

चिडून आलेला माणूस बहुतेक वेळा आधी दोन-तीन ठिकाणांहून परतवलेला असतो. कीबोर्डवरचा हात काढा, त्याच्याकडे बघा, संपेपर्यंत ऐका. मग त्याचं म्हणणं त्यालाच थोडक्यात सांगा: "म्हणजे दाखला दोनदा दिला, तरी नाव आलं नाही. असंच ना मामा?" आवाज तिथेच उतरतो. आपल्या हातात नसलेलं काम असेल तर स्पष्ट नाही म्हणा, आणि कुठल्या ऑफिसात, कुणाकडे जायचं ते सांगा. जमलं तर साहेब जाग्यावर आहेत का, एक फोन करून बघा.

आणि कुणालाही तोंडी यादी देऊन पाठवू नका. घरी जाईपर्यंत त्यातलं निम्मं राहत नाही. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, म्हणजे घरचं पोर वाचून दाखवेल. माझी चिठ्ठी साधारण अशी असते: आधार, रेशन कार्ड, दोन्ही बँकांची पासबुकं, सगळी मूळ. ओटीपी येतो तोच मोबाईल. मुलगा गावाला असेल तर त्याला आदल्या रात्री सांगणे, मंगळवारी अकरा वाजता फोन जवळ ठेव. खाली केंद्राचा नंबर.